एका सर्व्हरच्या दोन वाटा

चेन्नईच्या उत्तरेकडील उपनगरी रेल्वेमार्गावर गुम्मिडिपूंडी हे तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतीचे गाव आहे. चेन्नईहून सुटणाऱ्या अनेक लोकल गाड्या येथूनच परत फिरतात. विजयवाड्याकडे जाणाऱ्या जलद गाड्या आणि मालगाड्याही याच मार्गाने जातात. अशा मार्गावर वाहतूक वाढली की शेजारी आणखी रूळ टाकावे लागतात. त्यामुळे एकूण गाड्या अधिक धावतात आणि एक रूळ बंद पडल्यास काही गाड्या दुसऱ्यावर वळविता येतात. परंतु एकच गाडी अर्धी या रुळावर व अर्धी त्या रुळावर धावत नाही. म्हणून जादा रुळामुळे तिचा वेग दुप्पट होत नाही. सर्व्हरला एकाहून अधिक नेटवर्क कार्डे जोडण्याच्या तंत्राचे मर्म या साध्या चित्रात सामावलेले आहे.

नेटवर्क कार्ड म्हणजे संगणकाला केबलद्वारे जाळ्याशी जोडणारा भाग. रेल्वेचे आरक्षण, बँकेचे व्यवहार किंवा शेअर बाजार चालविणाऱ्या सर्व्हरचे एकमेव कार्ड बिघडले, तर आतील संगणक धडधाकट असूनही सेवा थांबते. यासाठी दोन किंवा अधिक कार्डे एकत्र बांधून बाहेरील जगाला ती एकच असल्याचे भासविले जाते. लिनक्स प्रणालीत या तंत्रास ‘बाँडिंग’ म्हणतात, तर विंडोज सर्व्हरमध्ये ‘टीमिंग’ हे नाव रूढ आहे.

या तंत्राच्या उगमामागे पैशाची अडचण होती. १९९४ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी १६ साध्या संगणकांचा ‘बेओवुल्फ’ हा समूह उभारला. त्यातील प्रक्रियकांच्या मानाने त्या काळचे इथरनेट संथ होते आणि स्विच महाग होते. तेव्हा बेकर यांनी माहितीचे तुकडे समांतर इथरनेट जोडण्यांवर वाटून देणारी आज्ञावली लिहिली. पुढे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे परस्परांशी जुळावीत म्हणून २००० साली आयईईई संस्थेने ८०२.३एडी हे मानक प्रसिद्ध केले. २००८ मध्ये ते ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली आले.

वेगाविषयीचा गैरसमज

एक गिगाबिटची दोन कार्डे जोडली की दोन गिगाबिटचा वेग मिळतो, असे वाक्य अनेक मार्गदर्शक पुस्तकांत आढळते. ते अर्धेच खरे आहे. तुकडे आळीपाळीने दोन्ही वाटांनी पाठविल्यास ते मागेपुढे पोहोचतात. क्रम चुकला की माहिती हरवली असे समजून टीसीपी ही संदेशवहनाची पद्धत तुकडे पुन्हा पाठविते आणि वेग उलट मंदावू शकतो. म्हणून प्रमाणित पद्धतीत एका संवादाचे सर्व तुकडे एकाच कार्डावरून जातात. कोणता संवाद कोणत्या कार्डावर जाईल, हे दोन्ही टोकांच्या पत्त्यांवरून गणिताने ठरते. शंभर ग्राहक असतील तर भार बऱ्यापैकी वाटला जातो, पण एकच मोठी फाईल उतरविणाऱ्याला फरक जाणवत नाही.

येथे एक खाच आहे. लिनक्समध्ये ही निवड मुळात यंत्राच्या हार्डवेअर पत्त्यावरून होते. बाहेरगावचे सर्व ग्राहक एकाच राउटरमार्गे येत असतील, तर सर्व्हरला प्रत्येक वेळी त्या राउटरचाच पत्ता दिसतो. परिणामी सर्व उत्तरे एकाच कार्डावरून जातात आणि दुसरे जवळपास रिकामे राहते. निवडीत आयपी पत्ता व पोर्ट क्रमांक यांचा समावेश केल्यावर भार खऱ्या अर्थाने विभागतो. हा बदल एका ओळीचा असतो, पण तो न केल्यामुळे दुसऱ्या कार्डाचा खर्च वाया जातो.

दोन वाटा, एक पूल

सुरक्षिततेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. दोन्ही रूळ एकाच पुलावरून जात असतील तर पूल खचताच दोन्ही बंद पडतात. दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये खोचल्या, तर त्या स्विचचा वीजपुरवठा हाच तो पूल ठरतो. यावर साधा उपाय म्हणजे एक कार्ड चालू व दुसरे राखीव ठेवून दोन्ही स्वतंत्र स्विचना जोडणे. यात वेग वाढत नाही, परंतु स्विचकडून विशेष सहकार्य लागत नाही. केबल निघाल्यास कार्डाला ते तत्काळ कळते. मात्र स्विचच्या पलीकडील मार्ग तुटल्यास केबल जोडलेलीच दिसते. त्यासाठी पलीकडच्या यंत्राला ठरावीक काळाने हाक देऊन उत्तर येते का, हे तपासावे लागते.

हेच तत्त्व कार्डापासून शहरांमधील जोडण्यांपर्यंत लागू पडते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले आणि दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू झाले. बाजाराकडे दोन सेवापुरवठादारांच्या दूरसंचार जोडण्या होत्या, तरी दोघांच्याही जोडण्या अस्थिर झाल्या. बाजाराने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार मार्गावरील खोदकाम व बांधकाम हे त्याचे कारण होते. तेवढ्याने व्यवहार थांबायला नको होते, परंतु माहिती साठविणारी यंत्रणाही अपेक्षेप्रमाणे वागली नाही आणि जोखीम व्यवस्थापनाची प्रणाली उपलब्ध राहिली नाही. पुरवठादार दोन असले म्हणून वाटा दोन होतातच असे नाही.

बाजाराचे आपत्कालीन केंद्र चेन्नई येथे होते, तरीही त्या दिवशी व्यवहार तेथे हलविले गेले नाहीत. त्याची कारणे ‘सेबी’ने विचारली. पुढील महिन्यात ‘सेबी’ने नियम कडक केले. महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत आपत्ती घोषित करावी आणि घोषणेनंतर ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करावे, अशी मर्यादा घालण्यात आली.