हजेरीपटापलीकडची ओळख

बारावीनंतर मालवण सोडून शहरातल्या एका महाविद्यालयात बी. ए.ला गेलो. पहिल्याच तासाला हजेरी घेताना सर माझ्या नावावर थांबले आणि माझ्याशी हिंदीत बोलू लागले. मी मराठीत उत्तर दिलं, तर म्हणाले, "अरे वा, तुझं मराठी छान आहे!" वर्ग हसला. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आईनं ज्याला मालवणीतच रागं भरलं आणि मालवणीतच निजवलं, त्या मुलाला त्या कौतुकानं पाहुणा करून टाकलं. पुढं दोन वर्षं मी माझ्या कविता कुणाला दाखवल्या नाहीत.

हजेरीपटावर तऱ्हेतऱ्हेची आडनावं आली की महाविद्यालयात विविधता आली, असं आपण धरून चालतो. पण मुलं एका वर्गात बसली म्हणून एकमेकांना कळत नाहीत. त्यासाठी व्यवस्था लागते आणि ती आपल्याकडे फार पूर्वी झालेली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी केली. त्यांत मुस्लिम बोर्डिंगही होतं. खेड्यातून आलेल्या मुलाला राहायला जागा आणि जेवायला ताट मिळणं, हीच तेव्हा शिक्षणाची पहिली पायरी होती. पुढं कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचं एकच वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. आधी दार उघडलं, मग पंगत एक झाली.

२०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं जात, धर्म, भाषा, लिंग, अपंगत्व यांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध नियम केले. ते हवेतच. मात्र नियमानं अपमान रोखता येतो, ओळख होत नाही. ती विचारल्यानं होते. चाचणीची तारीख ठरवताना गणपतीला गावी जाणारा, ईदला घरी पोचू पाहणारा आणि नाताळची वाट पाहणारा, असे तिघंही आठवावे लागतात.

शेवटच्या वर्षी एका नव्या सरांनी पहिल्या बाकापासून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "घरी काय बोलता?" कुणी अहिराणी म्हणालं, कुणी कानडी. माझी पाळी आली.

"मालवणी."

"मग मालवणीत लिहितोस की नाही?"

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेलो.