फुकटच्या सामन्याचे पैसे कोण देतं?

मंडळी, मागच्या वेळी आपण केबलवाल्यापर्यंत आलो होतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारात उभा राहून पैसे मागणारा तो माणूस. तेव्हा निदान एक गोष्ट स्पष्ट होती: कोण दाखवतो आणि कोण पैसे देतो. आज आपण जो व्यवहार बघणार आहोत त्यात नेमकं हेच धूसर झालंय. विषय आयपीएलचा आहे, पण क्रिकेटचा नाही. कोहलीबद्दल काही ऐकायला आला असाल तर आत्ताच सांगून ठेवतो, निराशा होईल. (हशा)

सुरुवात करू या २०२२ च्या जूनपासून. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच मोसमांच्या प्रसारण हक्कांचा लिलाव झाला आणि एकूण आकडा गेला ४८,३९० कोटी रुपयांवर. त्याआधीच्या पाच वर्षांचे सगळे हक्क स्टार इंडियाने १६,३४७.५० कोटींना घेतले होते. म्हणजे जवळपास तिप्पट. पण आकड्यापेक्षा त्याची विभागणी बघा. भारतीय उपखंडातले टीव्हीचे हक्क डिस्नेच्या मालकीच्या स्टारने २३,५७५ कोटींना घेतले. डिजिटल हक्क रिलायन्सच्या गटातल्या व्हायकॉम१८ ने घेतले, २०,५०० कोटींना. सामने ४१०. भागाकार करा: फोनवर दिसणाऱ्या एका सामन्याची किंमत झाली ५० कोटी रुपये.

आता गंमत अशी, की इतके पैसे मोजून घेतलेली वस्तू २०२३ साली जिओसिनेमाने फुकट दाखवली. मराठी धरून बारा भाषांत समालोचन. आपला केदार जाधव तेव्हा मराठी समालोचन करत होता आणि मोसमाच्या मध्येच बंगळुरू संघाने त्याला खेळायला बोलावून घेतलं! अंतिम सामन्याला एकाच वेळी बघणाऱ्यांचा आकडा ३.२ कोटींवर गेला.

फुकट कसं परवडतं? एक साधा हिशोब मांडू. २०,५०० कोटी पाच मोसमांत वाटले तर वर्षाला सरासरी ४,१०० कोटी. एका मोसमासाठी माणशी १४९ रुपये घ्यायचे आणि जाहिरात अजिबात दाखवायची नाही असं ठरवलं, तर नुसते हक्कांचे पैसे वसूल व्हायला साडेसत्तावीस कोटी ग्राहक लागतील. कॅमेरे, सर्व्हर, समालोचक हे सगळं वेगळंच. एवढे पैसे भरणारे ग्राहक आपल्याकडे नाहीत. मग उरतात दोन वाटा. एक, जाहिराती. दुसरी, ज्याचा खरा धंदा दुसरीकडे आहे त्याने इथला तोटा सोसायचा.

ही दुसरी वाट नीट समजून घ्यायला हवी. सामना फुकट होता, पण डेटा फुकट नव्हता. चांगल्या चित्रात साडेतीन तास सामना बघितला की रोजचा डेटा संपतो आणि आपण वरचं रिचार्ज मारतो. ज्या गटाकडे ॲप आहे त्याच गटाकडे मोबाइलचं जाळंही आहे. हॉटस्टारकडे ते नव्हतं. चहा फुकट पाजून बिस्किटं विकणाऱ्याशी नुसता चहा विकणारा किती दिवस टिकेल?

परिणाम कागदावर दिसला. डिस्ने प्लस हॉटस्टारचे पैसे भरणारे ग्राहक २०२२ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला ६.१३ कोटी होते. वर्षभरात ते ३.७६ कोटींवर आले. याला आयपीएल जाणं हे एकच कारण नव्हतं, एचबीओच्या मालिकाही त्यांच्या हातून गेल्या होत्या, पण मोठं कारण तेच. मग त्यांनीही तेच केलं. २०२३ चा विश्वचषक मोबाइलवर फुकट दाखवला. अहमदाबादच्या अंतिम सामन्याला एकाच वेळी ५.९ कोटी लोक. विक्रम झाला, पण विक्रमातून हक्कांची किंमत निघत नाही.

दोघेही फुकट वाटत राहिले तर शेवट काय, हे दोघांनाही कळत होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये विलीनीकरण जाहीर झालं, ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने काही बदल मान्य करून घेऊन मंजुरी दिली, नोव्हेंबरमध्ये सौदा पूर्ण. सुमारे ७०,००० कोटींची कंपनी. उपाध्यक्ष कोण? उदय शंकर. हॉटस्टार सुरू झालं तेव्हा स्टारचे प्रमुख तेच आणि नंतर व्हायकॉम१८ मध्ये गुंतवणूक घेऊन समोरच्या बाजूलाही तेच! या धंद्यात माणसं फार नाहीत, हे एवढ्यावरून कळावं.

१४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार आलं आणि त्या मोसमात काही मिनिटं फुकट, पुढे पैसे. मोबाइलपुरते तीन महिन्यांना १४९. जिओच्या २९९ किंवा त्यावरच्या रिचार्जवर नव्वद दिवस सोबत. म्हणजे आपण परत केबलवाल्याकडेच आलो, फक्त तो आता दारात येत नाही.

आम्हाला काळजी आहे ती १४९ रुपयांची नाही, तेवढे आपण वडापावावरही घालवतो. काळजी मराठी निर्मात्यांची आहे. आधी एखादी मालिका घेऊन एका दारात नकार मिळाला तर दुसरं दार होतं. आता त्या दोन दारांचं एकच झालंय. नकार तर सोडाच, होकार मिळाला तरी भाव कोण ठरवणार? नेटफ्लिक्स, प्राइम आहेत, पण त्यांच्याकडे मराठीला जागा किती, हे तुम्ही त्यांच्या यादीत स्वतः बघा.

आणि दुसरी बाजू क्रिकेट मंडळाची. २०२७ च्या मोसमानंतर हे हक्क पुन्हा विक्रीला येतील. २०२२ साली ॲमेझॉनने आयत्या वेळी माघार घेतली, तरी भाव तिप्पट झाला, कारण समोरासमोर दोन तगडे गट होते. पुढच्या लिलावात ते दोघे टेबलाच्या एकाच बाजूला बसलेले असतील.

चला, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई बराच वेळ हात वर करून आहेत.