दोन उक्तींमधील विराम : स्वयंसेवी ध्वनिमुद्रणातील विनोदी नाटक

(१)

नाटकाच्या छापील पानावर दोन गोष्टी निश्चित झालेल्या असतात : कोण बोलतो आणि काय बोलतो. एकाचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याने किती वेळाने बोलावे, हे मात्र तेथे क्वचितच सापडते. रंगभूमीवर हा निर्णय नटांच्या परस्पर ऐकण्यातून होत असतो. आणि विनोदी नाटकात तर हशा पिकणे वा न पिकणे पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते. परंतु दोन नटांनी एकमेकांस कधी ऐकलेच नसेल, तर संवादाचे काय होते? हा प्रश्न आज केवळ तर्काचा उरलेला नाही. परस्परांपासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या हौशी वाचकांनी आपापल्या घरी वेगवेगळी वाचलेली भाषणे एकत्र जोडून संपूर्ण नाटक ध्वनिमुद्रित करण्याची रीत गेल्या दोन दशकांत रूढ झाली आहे. या रीतीचा परिचय करून देऊन, अशा ध्वनिमुद्रणाचा भाषाभ्यासकाने पुरावा म्हणून कशासाठी व कितपत उपयोग करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

(२)

या रीतीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘लिब्रिव्हॉक्स’ हा उपक्रम. ह्यू मॅग्वायर यांनी तो २००५ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रिऑल येथून सुरू केला. ज्या पुस्तकांवरील स्वामित्वहक्काची मुदत संपली आहे ती स्वयंसेवकांनी मोठ्याने वाचावीत आणि ती ध्वनिमुद्रणे कोणताही हक्क राखून न ठेवता सर्वांस विनामूल्य खुली करावीत, असा त्याचा संकल्प आहे. जोसेफ कॉनरॅड यांची ‘दि सीक्रेट एजंट’ ही कादंबरी या उपक्रमातील पहिले पुस्तक होय. येथे वाचकाची निवडपरीक्षा होत नाही आणि उच्चारातील प्रादेशिक ढब हा दोष मानला जात नाही. तयार वाचन तपासणारा श्रोता गळलेली ओळ, चुकून दोनदा आलेले वाक्य किंवा पार्श्वभूमीचा गोंगाट दाखवून देतो. वाचनाच्या शैलीविषयी मात्र मत देत नाही.

या उपक्रमात नाटकाचे काम पुढीलप्रमाणे चालते. एकेक स्वयंसेवक एकेक भूमिका घेतो. तो आपल्या पात्राची एका अंकातील सर्व भाषणे ओळीने वाचतो आणि दोन भाषणांच्या मध्ये थोडी मोकळी जागा सोडतो. रंगसूचना निवेदक म्हणून आणखी एकजण वाचतो. हे सर्व तुकडे संपादकाकडे येतात. ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य साधनाच्या साहाय्याने तो ते कापतो, त्यांचे आवाज एका पातळीवर आणतो आणि संहितेच्या क्रमाने जोडतो. म्हणजे श्रोत्यास जो संवाद ऐकू येतो, तो संवाद म्हणून कधी घडलेलाच नसतो. आकाशवाणीवरील नभोनाट्याशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होईल. तेथे प्रेक्षक नसतात, पण नट एका दालनात असतात आणि एकाचा शब्द दुसऱ्याच्या कानी पडत असतो. येथे तोही दुवा राहत नाही.

(३)

विचारासाठी ऑस्कर वाइल्ड यांचे ‘दि इंपॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ हे नाटक घेऊ. त्याचा पहिला प्रयोग १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या सेंट जेम्सेस थिएटरात झाला. लिब्रिव्हॉक्सच्या स्वयंसेवकांनी हे नाटक पात्रवार वाटून घेऊन ध्वनिमुद्रित केलेले आहे. त्यातील विनोद कृतीपेक्षा बोलण्यात अधिक आहे. त्यामुळे केवळ श्रवणास ते सोयीचे वाटते. परंतु अडचणही नेमकी तेथेच आहे.

सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी १९७४ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात संभाषणातील पाळीची व्यवस्था प्रथम पद्धतशीरपणे मांडली. एका वेळी बहुधा एकच व्यक्ती बोलते आणि एक पाळी संपून दुसरी सुरू होण्यात फारच थोडा अवकाश जातो, हे त्यांच्या विवेचनाचे एक सूत्र होते. स्टिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांतील होय-नाही स्वरूपाचे प्रश्न व त्यांची उत्तरे मोजली, तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांमधील सरासरी अंतर सुमारे २०० मिलिसेकंद भरले, आणि प्रत्येक भाषेची सरासरी या मध्यापासून दोन्ही बाजूंस सुमारे २५० मिलिसेकंदांच्या आतच राहिली. या दहा भाषांत एकही भारतीय भाषा नव्हती, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

आता या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवावा. एखाद्या वस्तूचे चित्र पाहून तिचे नाव उच्चारू लागण्यास माणसास सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. साधा एक शब्द जुळविण्यास इतका वेळ लागत असेल, तर २०० मिलिसेकंदांत उत्तर येते कसे? लेव्हिन्सन आणि तोरैरा यांनी २०१५ मध्ये याचा ऊहापोह केला आहे. समोरच्याचे वाक्य संपण्यापूर्वीच ऐकणारा त्याचा शेवट ताडतो आणि आपले उत्तर मनात रचू लागतो, असाच याचा अर्थ होतो. अर्थात दोन उक्तींमधील विराम हा रिकामा काळ नव्हे. ऐकण्याचे आणि बोलण्याचे काम तेथे एकमेकांवर चढलेले असते, आणि म्हणूनच तो विराम किंचित लांबला तरी त्यास अर्थ प्राप्त होतो : संकोच, नकार, संशय, क्वचित अपमान.

स्वयंसेवी ध्वनिमुद्रणात हा विराम दोघांपैकी एकाही वाचकाच्या फितीत नसतो. तो संपादक घालतो. तुकडा उच्चाराच्या अगदी कडेला कापला तर पात्रे एकमेकांवर तुटून पडल्यासारखी वाटतात. तो सैल कापला तर हजरजबाबी उत्तर विचारपूर्वक दिलेल्या साक्षीसारखे ऐकू येते. त्यातच प्रत्येक तुकड्याबरोबर वाचकाच्या खोलीचा घुमार येतो, त्यामुळे पाळी बदलताच शांततेचाही पोत बदलतो. रंगभूमीवर हशा ओसरेपर्यंत नट थांबतो. येथे श्रोत्याच्या हसण्यासाठी जागा ठेवावी की नाही, हेही संपादकालाच ठरवावे लागते. तात्पर्य, अशा नाटकाचा एक अदृश्य नट असतो, आणि तो केवळ मौनाचा अभिनय करतो.

(४)

वेळेचा प्रश्न संपादक सोडवू शकतो. सुरावलीचा प्रश्न मात्र त्याच्या हाती नाही. वाइल्ड यांच्या पहिल्या अंकातील एक सुप्रसिद्ध स्थळ पाहावे. जॅक वर्दिंग हा तान्हा असताना व्हिक्टोरिया स्थानकावरील सामानघरात एका हातपिशवीत सापडला, हे कळताच लेडी ब्रॅकनेल त्या पिशवीचाच शब्द प्रश्नार्थक सुरात परत उच्चारते. १९५२ च्या चित्रपटात ईडिथ एव्हन्स यांनी हा उच्चार असा काही लांबविला की पुढील प्रत्येक नटीस त्याचे अनुकरण तरी करावे लागते किंवा तो कटाक्षाने टाळावा लागतो. अशी प्रतिध्वनिरूप पृच्छा मूळ उच्चाराच्या संदर्भाने घडत असते. समोरच्याने शब्द ज्या उंचीवर सोडला, तेथून ती तो उचलते. एकांतात वाचणाऱ्याने मूळ उच्चार ऐकलेलाच नसेल, तर तो कल्पित उच्चारास प्रतिसाद देतो.

मराठीतही हे सहज पडताळून पाहता येईल. ‘मी काल पुण्यास गेलो होतो’ या वाक्यावर ‘पुण्यास?’ एवढेच म्हटले, तर ते नीट ऐकू न आल्यामुळे असेल, आश्चर्याने असेल किंवा अविश्वासाने असेल. लेखनात तिन्ही एकसारखीच. उलट ‘पुण्यासच?’ किंवा ‘पुण्यासही?’ असे असता अवधारणाचा पुष्कळ भाग अव्ययानेच पानावर नोंदविलेला असतो. इंग्रजीत जे काम बहुतांशी आघात व सूर यांवर सोपविलेले असते, त्याचा काही अंश मराठी ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘ना’ यांच्याकडे देते. तेव्हा वेगवेगळ्या वाचनाची झळ दोन्ही भाषांतील संवादांस सारखीच लागेल असे गृहीत धरता येणार नाही. हा प्रयोगाने तपासण्याजोगा प्रश्न आहे.

याच नाटकाच्या तिसऱ्या अंकात ग्वेंडोलेन आणि सिसिली यांनी एकदम बोलावे अशी सूचना आहे, आणि ग्वेंडोलेन बोट उंचावून ताल धरते. स्वतंत्र फिती येथे संपादकास पुरत नाहीत. एकीचे वाचन आधी व्हावे आणि ते कानावर घेत दुसरीने आपले करावे, तरच शब्द शब्दावर बसतो. सहकार्याने तयार केलेल्या या नाटकात परस्परांस प्रत्यक्ष ऐकण्याची गरज अशा ठिकाणी उघड होते; इतरत्रही ती असतेच, केवळ झाकलेली राहते.

(५)

ही चर्चा अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण अशी ध्वनिमुद्रणे आता संशोधनाची सामग्री झाली आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘लिब्रिस्पीच’ हा सुमारे १,००० तासांच्या इंग्रजी वाचनाचा संग्रह लिब्रिव्हॉक्सच्या ध्वनिमुद्रणांतूनच सिद्ध झाला, आणि यंत्राकडून वाणी ओळखून घेण्याच्या संशोधनात त्याचा फार मोठा उपयोग झाला आहे. एकेका वाचकाच्या स्वनांच्या अभ्यासास अशी सामग्री निःसंशय मोलाची आहे. मात्र जोडलेल्या नाटकातील विराम मोजून ‘संभाषणातील विराम’ म्हणून मांडणे हे प्रमाणास सोडून होईल. तेथे मोजला जातो तो संपादकाचा हात. उलट, लिखित संवाद वाचताना वाचक न ऐकलेल्या सहवक्त्याची कल्पना कशी करतो, हे जाणण्यास याहून चांगली सामग्री मिळणे कठीण. एकाच भूमिकेची दोन स्वयंसेवकांनी केलेली वाचने शेजारी ठेवली, तर जेथे त्यांचे सूर जुळतात तेथे संहितेने सुरावली बांधून दिली आहे, आणि जेथे ते फुटतात तेथे ती नटावर सोडली आहे, असा प्राथमिक निष्कर्ष काढता येतो.

मराठीत असा उद्योग करण्यास अनुकूलता आहे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षांनी त्याचे लेखन मुक्त होते; संपादित आवृत्तीतील प्रस्तावना व टीपा यांचा हक्क मात्र वेगळा पाहावा लागतो. गोविंद बल्लाळ देवल यांचे निधन १९१६ मध्ये झाले. त्यांचे ‘फाल्गुनराव’ हे १८९३ चे गद्य नाटक आणि त्याचेच १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेले रूप ‘संगीत संशयकल्लोळ’ यांचा येथे विचार व्हावा. आर्थर मर्फी यांच्या १७६१ च्या ‘ऑल इन दि राँग’ वरून आणि त्यामागील मोल्येर यांच्या १६६० च्या ‘स्गानारेल’ वरून आलेल्या या कथेत एका तसबिरीवरून संशय पेटतो, आणि फाल्गुनराव दुसऱ्याचे साधे बोलणेही वाकड्या अर्थाने घेत जातो. उत्तरापूर्वीचा क्षणभराचा विराम संशयास पुरेसा होतो, आणि येथे तर संशय हाच नाटकाचा विषय आहे.

विभागातील विद्यार्थ्यांनी हे नाटक दोन प्रकारे वाचावे : एकदा सर्वांनी एकत्र बसून, आणि एकदा प्रत्येकाने स्वतंत्र. स्वतंत्र वाचनाच्या मूळ फिती न कापता जतन कराव्यात आणि जोडणी करताना प्रत्येक विराम किती ठेवला याची नोंद करावी. ही नोंद नसेल तर पुढील अभ्यासकास नटाचे मौन आणि संपादकाचे मौन निराळे करता येणार नाही. ती असेल, तर मराठी संवादातील पाळीच्या अंतराविषयी, निदान वाचिक अभिनयापुरते का होईना, मोजून बोलण्याची सोय होईल.