पाच सेंटिमीटर उंचीच्या सैनिकाचा लढाऊ गणवेश

बेंगळुरू : सेना दिनाचे संचलन १५ जानेवारी २०२३ रोजी प्रथमच दिल्लीबाहेर, बेंगळुरूच्या मद्रास इंजिनिअर ग्रुप केंद्राच्या मैदानावर झाले. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, दिल्लीतील संचलनात पॅराशूट रेजिमेंटच्या तुकडीने सेनेचा डिजिटल नक्षीचा नवा लढाऊ गणवेश लोकांसमोर आणला होता. या रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्रही बेंगळुरूतच आहे. तेव्हा सैनिकांच्या लहान प्रतिकृती रंगवण्याचा छंद असलेल्यांसाठी या शहरात विषयाची वाण नाही. खरी कसोटी लागते ती कुंचला हाती घेतल्यावर.

छद्मावरण, म्हणजेच कॅमोफ्लाज, या नक्षीचे काम माणसाला आसमंतात विरघळवून टाकण्याचे. प्रतिकृती मात्र पाहिली जावी म्हणूनच घडवलेली असते. या दोहोंचा मेळ घालणे हाच या कलेतील कळीचा प्रश्न आहे.

या छंदात एकास पस्तीस हे प्रमाण विशेष रूढ आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याची प्रतिकृती काढली, तेव्हा आत मोटार आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून हे माप निघाले आणि पुढे तेच जगभर रुळले. या प्रमाणात १७५ सेंटिमीटर उंचीचा जवान अवघा ५ सेंटिमीटरचा होतो. कापडावरील १० सेंटिमीटरचा डाग ३ मिलिमीटरहून कमी भरतो, तर १ सेंटिमीटरचा चौकोन ०.३ मिलिमीटरच्याही आत जातो. तो हाताने जसाच्या तसा उतरवणे जवळजवळ अशक्य, आणि उतरवला तरी फसवा. कारण इतक्या बारीक नक्षीचा डोळ्याला केवळ गढूळ हिरवा रंग दिसतो.

म्हणून अनुभवी हात नक्षीची नक्कल न करता तिचा भास निर्माण करतात. प्रथम संपूर्ण गणवेशावर सर्वांत फिकट छटेचा पातळ थर दिला जातो. त्यावर अनियमित डाग आणि डिजिटल नक्षी असल्यास डागांच्या कडेला मोजकेच चौकोनी ठिपके. उरलेले काम पाहणाऱ्याची नजर करते. प्रत्येक रंगात मूळ छटेचा थेंबभर अंश मिसळला, की डाग कापडावर चिकटवल्यासारखे न दिसता कापडातलेच वाटतात. लहान वस्तूवर रंग अधिक गडद भासत असल्याने सर्वच छटा थोड्या उजळ ठेवाव्या लागतात. चुण्यांतील सावल्यांसाठी शेवटी अतिपातळ तपकिरी रंग पुरतो. काळा वापरण्याचा मोह टाळलेलाच बरा.

नवख्याची चूक बहुधा शिवणीपाशी उघडी पडते. कापड आधी छापले जाते, नंतर बेतून शिवले जाते. त्यामुळे बाहीवरील डाग खांद्याच्या शिवणीवर तुटतो, खिशाचा तुकडा आजूबाजूच्या नक्षीशी जुळत नाही. ही तूट दाखवली, की बाहुली सैनिक वाटू लागते. नव्या भारतीय गणवेशात सदरा विजारीत खोचायचा नसतो आणि पट्टा आतच राहतो. सदऱ्यावरून पट्टा आवळलेली प्रतिकृती जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

मुळात हे तंत्र जन्मले तेच चित्रकारांच्या हाती. फ्रेंच सेनेने १९१५ मध्ये छद्मावरणाची स्वतंत्र शाखा उभारली, तिचे नेतृत्व गिराँ द सेवोला या चित्रकाराकडे होते. कापडावर छापलेली नक्षी नंतरची.

नक्षी हा कालखंडाचाही पुरावा असतो. ११ डिसेंबर १९७१ रोजी पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण टांगाइलजवळ हवाई छत्र्यांनी उतरली आणि तिने पूंगली पूल ताब्यात घेतला. मराठा लाइट इन्फंट्रीतून घडलेली ही पलटण मराठी वाचकाला आपलीशी आहे. त्या युद्धातील पायदळाचा ओळखीचा वेश साधा ऑलिव्ह हिरवा. त्याच्या अंगावर २०२२ची नक्षी चढवली, तर रंगकाम कितीही सुबक असो, इतिहास खोटा ठरतो. दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर चकचकीत तैलरंगातला मावळा खपून जातो. त्याच्याकडे पुरावा म्हणून कोणी पाहत नाही.

नवा गणवेश राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने तयार झाला. त्याच्या नक्षीची नोंदणी २१ ऑक्टोबर २०२२च्या पेटंट कार्यालयाच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली. ही मालकी १० वर्षांची असून ती आणखी ५ वर्षे वाढवता येते. अनधिकृत उत्पादकांवर कायदेशीर कारवाईचा इशारा सेनेने दिला आहे. त्यामागील चिंता वास्तव आहे: जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोट हवाई तळावरील हल्लेखोर सेनेच्या गणवेशासारख्या कपड्यांत आले होते.

रंग वाळल्यावर अखेरचा हात मॅट वार्निशचा, कारण सुती कापड चकाकत नाही. त्यानंतर बुटांवरची धूळ. बेंगळुरूच्या मैदानावरचा जवान असेल तर ती तांबूस हवी. टांगाइलचा असेल तर नदीकाठच्या गाळाची, राखाडी.