पिकअपला पिकअप नाही? आधी कोड बघा!

दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, पुणे... आणि सोलापूर! १ एप्रिल २०१० रोजी देशातल्या निवडक तेरा शहरांत बीएस-४ हा धुराचा कडक नियम लागू झाला, तेव्हा नागपूर-नाशिक बाहेर राहिले आणि सोलापूर आत जाऊन बसलं. हुरळून जायचं कारण नाही. हवेतल्या धुळीपायी सोलापूरचं नाव २००३ मध्येच थेट सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं होतं. पण या नियमाबरोबर डॅशबोर्डवर एक नवा पाहुणा आला: इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा, आणि त्याच्या मागे दडलेले कोड. या दिव्याचा पहिला टप्पा २०१० चा, दुसरा आणि जास्त चौकस टप्पा एप्रिल २०१३ चा. सगळ्या देशाला बीएस-४ लागू व्हायला २०१७ चा एप्रिल उजाडला. म्हणजे चेक लाइट बघून कपाळाला आठ्या घालण्यात सोलापूर, कागदोपत्री तरी, सात वर्षं सीनियर!

त्यातही गंमत डिझेलची. बीएस-४ च्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत जास्तीत जास्त ५० भाग, बीएस-३ च्या डिझेलमध्ये ३५०. तेव्हा शहरातल्या पंपावर पहिलं, हद्द ओलांडली की दुसरं. सांगोल्याहून डाळिंब आणणारी पिकअप एकाच फेरीत दोन्ही नियमांचं डिझेल प्यायची, आणि कुणाला पत्ताही नसायचा.

आता तो कोड. एक अक्षर, चार आकडे (क्वचित मागच्या एखाद्या आकड्याच्या जागीही अक्षर). पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे चासी, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. पहिला आकडा शून्य असेल तर कोडचा अर्थ जगभर एकच. एक असेल तर तो कंपनीचा खासगी कोड, म्हणून पी-१ ने सुरू होणारा एकच कोड महिंद्राला एक सांगतो आणि टाटाला भलतंच. हा पहिला आकडा तीनच्या पुढे कधीच जात नाही. पी-४ ने सुरू होणारा कोड कुणी सांगितला, तर एक तर त्याने आकडा चुकीचा वाचलाय किंवा तो तुमचा खिसा वाचतोय. कारण साधं आहे: अख्खा कोड सोळा बिटांत बसवायचा असतो आणि त्या आकड्याच्या वाट्याला दोनच बिटं येतात. हिशेब केला तर एकूण ६५,५३६ कोड शक्य आहेत. घाबरू नका, बोलेरो पिकअपवाल्याच्या नशिबी त्यातले पाचपन्नासच येतात.

मे महिना, पारा ४२ वर, आणि स्कॅनर म्हणतो इंजिनाचं पाणी उणे ४० अंश! स्कॅनर वेडा झालेला नाही. तापमान एका बाइटमध्ये, म्हणजे ० ते २५५ या आकड्यांत पाठवतात आणि वाचताना त्यातून ४० वजा करतात. सेन्सरची वायर तुटली किंवा कनेक्टर निघाला की गाडीला वाटतं, बाहेर सैबेरिया आहे. आणि उणे ४० हा एकच आकडा सेल्सियस आणि फॅरेनहाइट दोन्हींत सारखा, त्यामुळे स्कॅनर कुठल्याही एककावर ठेवा, थाप तीच.

याच सेन्सरचा कोड पी-०११८. त्याच्या वर्णनात ‘हाय’ लिहिलेलं असतं आणि ड्रायव्हर लगेच रेडिएटरकडे धावतो. तो हाय व्होल्टेजचा आहे, उष्णतेचा नाही. व्होल्टेज जास्त म्हणजे गाडीच्या लेखी पाणी गारठलेलं. पाणी उकळतंय असं खोटं सांगणारा कोड त्याच्या शेजारचा, पी-०११७, आणि त्यात ‘लो’ लिहिलेलं असतं. ज्याने ही नावं ठेवली त्याला एकदा आसरा चौकात भर दुपारी बोनेट उघडून उभं करायला हवं.

उन्हाळ्याचा खास कोड म्हणजे पी-०३३५, क्रँक सेन्सरचा. गाडी सकाळी ठणठणीत, टेंभुर्णीपर्यंत झकास, मग रस्त्यात अचानक बंद. सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही. ड्रायव्हर चहा पिऊन येतो आणि पहिल्या सेल्फला चालू! श्रेय चहाला जातं. खरं म्हणजे खराब व्हायला आलेला सेन्सर तापला की सिग्नल सोडतो आणि थंड झाला की पुन्हा धरतो. गार इंजिनावर तपासला तर चोख निघतो, म्हणून हा कोड गॅरेजात नेऊन दाखवण्यापेक्षा रस्त्यात बंद पडलेल्या जागीच वाचलेला बरा.

आणि आता ज्यात सर्वात जास्त पैसे बुडतात ते. पी-०४०१ आला, बदला ईजीआर. पी-००८७ आला, बदला पंप. कोड म्हणजे फिर्याद. आरोपी कोण ते तपासात ठरतं. फिर्याद वाचून थेट शिक्षा सुनावणारे मेस्त्री आपल्याकडे कमी नाहीत आणि माझ्या मते जुन्या पिकअपच्या मालकाला डिझेलपेक्षा हेच महाग पडतं.

पी-००८७ चंच घ्या. अर्थ एवढाच की कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हवा तेवढा होत नाही. हा दाब दीड हजार बारच्या घरात जातो. ट्रकच्या टायरमधली हवा आठ-नऊ बार असते, यावरून अंदाज करा. दाब का होत नाही? फिल्टर चोक असेल, फिल्टरमध्ये पाणी असेल, लाइन कुठेतरी हवा ओढत असेल, पंप थकला असेल, दाब मोजणारा सेन्सरच खोटं बोलत असेल, किंवा एखादा इंजेक्टर पोटात डिझेल न ठेवता परतीच्या नळीने टाकीकडे सोडून देत असेल. या शेवटच्या संशयितासाठी चांगला मेस्त्री काय करतो ते बघण्यासारखं असतं. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सलाइनच्या पारदर्शक नळ्या जोडतो, चार सारख्या बाटल्यांत त्यांची टोकं सोडतो आणि गाडी चालू करतो. तीन बाटल्यांत तळाला बोटभर डिझेल, चौथी बघता बघता अर्धी! चोर सापडला. खर्च म्हणाल तर नळ्यांचा. लाखभराचं मशीनही हा निकाल इतक्या उघडपणे दाखवत नाही.

पी-०४०१ ची कहाणी काजळीची. ईजीआर थोडा धूर पुन्हा इंजिनात पाठवतो; त्यामुळे सिलिंडरमधलं जळण थोडं थंडावतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. पण गाडी तासन् तास उभ्या जागी चालू राहिली की त्याच वाटेवर काजळीचे थर बसतात. हिवाळ्यात सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा इंजिन बंद न करता पुढे-पुढे सरकणारी प्रत्येक पिकअप हा कोड कमावत असते. व्हॉल्व्ह काढून बघा: बोटाने खरवडता येईल असा ओलसर काळा लगदा. बहुतेक वेळा साफसफाईने भागतं. नवा व्हॉल्व्ह बसवायला नंतरही वेळ असतो.

पी-०२९९ म्हणजे टर्बोची हवा कमी. गाडी चढाला रेस घेत नाही, कॉम्प्युटर इंजिन सांभाळायला ताकद छाटतो, आणि मालक म्हणतो पिकअपला पिकअप नाही. टर्बोची किंमत विचारण्याआधी होजवरून हात फिरवा. क्लिपजवळ तेलकट धूळ चिकटलेली असेल तर हवा तिथूनच पळतेय. सोलापूरच्या धुळीचा एवढा तरी उपयोग.

एकदम सात-आठ कोड, त्यात दोन-तीन यू चे? सेन्सर सगळे एका दिवशी संपावर जात नाहीत. आधी बॅटरी आणि अर्थिंग बघा.

बॅटरीवरून आठवलं. टर्मिनल काढलं की बऱ्याच जुन्या गाड्यांचा दिवा विझतो, हा आपल्याकडचा रामबाण उपाय. पण त्याबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ही पुसली जाते. दोष सापडला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, इंजिन किती तापलेलं, लोड किती, हे गाडीने जपून ठेवलेलं असतं. तपासात हाती आलेला एकमेव पुरावा आपणच धुऊन टाकतो. बरं, दोष खरंच गेला असेल तर दिवा आपण होऊन विझतो: साधारणपणे सलग तीन खेपांना दोष दिसला नाही की दिवा जातो आणि चाळीसेक वेळा इंजिन गार-गरम झालं की कोडही मिटतो. दिवा लागण्याआधीही गाडी बऱ्याचशा दोषांना एक संधी देते, सलग दुसऱ्या खेपेला दोष दिसला तरच पिवळी होते.

इंटरनेटवर एक अमेरिकन सल्ला फार फिरतो: दिवा लागला की टाकीचं झाकण घट्ट लावा. तिथे पेट्रोल गाड्यांच्या टाकीतून वाफ गळते का हेही कॉम्प्युटर बघतो. तुमच्या डिझेल पिकअपचं झाकण कितीही आवळा, दिवा ढिम्म हलणार नाही.

तिकडची आणखी एक रीत मात्र मजेशीर आहे. स्कॅनर सर्रास नव्हते तेव्हा जनरल मोटर्सच्या गाडीत डॅशखालच्या सॉकेटच्या दोन पिना पेपरक्लिपने जोडायच्या. दिवा एकदा लुकलुकायचा, थांबायचा, मग दोनदा. हा कोड बारा, म्हणजे ‘यंत्रणा जागी आहे, पुढचं ऐका’. जुन्या डॉज पिकअपला क्लिपही लागत नसे. पाच सेकंदांत चावी चालू-बंद-चालू-बंद-चालू केली की दिवा कोड मोजून दाखवायचा. डॉजचं आणि सोलापूरचं नातं तसं जुनं. क्रायसलरशी करार करून डॉजच्या गाड्या आणि ट्रक भारतात जुळवायला घेतले ते प्रीमियर ऑटोमोबाइल्सने, आणि १९४४ साली ही कंपनी काढणारे वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरकर.

स्कॅनर घ्यायचाय? बाजारात काडेपेटीएवढे ब्लूटूथवाले स्वस्तात मिळतात, नाव ईएलएम-३२७. मूळ चिप कॅनडातल्या छोट्या कंपनीची. पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हतं, मग जगभर नकलांचा पूर आला. आवृत्ती १.५ असं छापलेली डबी तर हमखास नक्कल, कारण मूळ कंपनीने १.५ कधी काढलीच नाही. नक्कल चालते, पण सगळ्या गाड्यांशी बोलेलच असं नाही. आणि पहिल्या छोट्या हत्तीसारख्या यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीला तो लावण्यात अर्थ नाही. तिथे मेस्त्रीचा कान आणि धुराचा रंग हाच स्कॅनर.

पीयूसीवाला हे कोड बघतो का? नाही. डिझेल गाडीला रेस देऊन तो धूर किती दाट आहे एवढंच मोजतो. पिवळा दिवा पेटलेला असतानाही गाडी खुशाल पास होऊ शकते. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत उलटं: १९९६ नंतरच्या गाडीचा दिवा पेटलेला दिसला की नापास, धूर असो वा नसो.

शेवटी पी-००१६. कॅम आणि क्रँक यांचं टायमिंग जुळत नाही, हा त्याचा अर्थ. टायमिंग चेन सैल पडली की येतो. जगात कुठे तरी एखाद्या मेकॅनिकच्या स्कॅनरवर हा कोड झळकतो, तेव्हा आतली कॅमशाफ्ट सोलापूरची असण्याची शक्यता अगदीच लहान नाही. १९९२ साली सुरू झालेली इथली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाईसारख्या कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवत आली आहे. आणि हीच कंपनी टाटा एसचं इंजिन काढून तिथे बॅटरी आणि मोटर बसवण्याच्या उद्योगातही उतरली आहे. त्या गाडीत कॅम नाही, क्रँक नाही, ईजीआर नाही. पी-००१६ आणि पी-०४०१ दोघेही बेकार. मोटर आणि बॅटरीसाठी कोडच्या पुस्तकात वेगळं प्रकरण आहे, पी-०ए ने सुरू होणारं. त्यातल्या पी-०ए८० चा अर्थ आहे, हायब्रिड गाडीचा बॅटरी पॅक बदला. पार्ट बदला असं तोंडावर सांगणारा हा दुर्मीळ कोड, आणि नेमका सर्वात महागड्या पार्टचा!