हिशोबातले नळ आणि मोरीतली बादली

‘या इमारतीत पाण्याची वीस टक्के बचत’ अशी जाहिरात वाचली, की इमारतीतला प्रत्येक नळ त्यात धरला असेल असे वाटते. तसे नसते.

अमेरिकेतल्या ‘लीड’ या हरित मानांकनात मुख्यतः पाचच साधने मोजतात : संडासाचा फ्लश, मुतारी, बेसिनचा नळ, स्वयंपाकघरातला नळ आणि शॉवर. तुलनेचा पाया तिथल्या 1992च्या ऊर्जा धोरण कायद्याशी जुळतो : फ्लशला 6 लिटर, मुतारीला 3.8, शॉवरला मिनिटाला 9.5 लिटर. सवयी गृहीत धरलेल्या असतात. कचेरीतली स्त्री दिवसातून तीनदा संडास वापरते, म्हणजे 18 लिटर. पुरुष एकदा संडास व दोनदा मुतारी, म्हणजे 13.6 लिटर. 4.8 लिटरचा फ्लश बसवला की स्त्रीचे 18 लिटर 14.4वर येतात. ही झाली वीस टक्के बचत. ती कागदावर मांडलेली असते. मीटरवर वाचलेली नव्हे.

टब भरायचा नळ, फरशी पुसायच्या बादलीचा नळ मात्र यातून वगळतात. कारण साधे आहे. वीस लिटरची बादली मिनिटाला 12 लिटर सोडणाऱ्या नळाखाली 1 मिनिट 40 सेकंदांत भरते, 6 लिटरच्या नळाखाली दुप्पट वेळात. पाणी तेवढेच लागते. भांडे भरणाऱ्या नळाची धार बारीक केल्याने वेळ जातो, पाणी वाचत नाही.

आता आपल्या मोरीकडे वळू. भारतीय हरित इमारत परिषदेने (आयजीबीसी) आपल्या यादीत हेल्थ फॉसेट घेतला, हे योग्यच झाले. पण बादलीने होणाऱ्या आंघोळीचे काय? ‘लीड’ घरातली शॉवरची आंघोळ आठ मिनिटांची धरते : 76 लिटर. 7.6 लिटरचा शॉवर लावला की ती 60.8 लिटरवर येते आणि पंधरा लिटर ‘वाचतात’. एका बादलीत आंघोळ उरकणारा माणूस वीस लिटरच वापरतो, पण त्याची काटकसर कोणत्याच रकान्यात बसत नाही. हिशोब साधनांचा आहे, सवयींचा नाही.

म्हणून फ्लॅट घेताना बचतीचा टक्का जरूर विचारावा. पण तो कोणत्या नळांचा आणि राहायला आल्यावर मीटर काय म्हणतो, हेही विचारावे. टँकरचे पैसे मीटरवरच्या पाण्याचे द्यावे लागतात, कागदावरच्या नव्हे.