बरणीतलं विज्ञान

परवाचीच गोष्ट. नववीतला नातू पुस्तक मिटून खिन्न बसला होता. "आजी, ऑस्मॉसिसची व्याख्या तोंडपाठ आहे, पण 'कारण सांगा' आलं की मी अडतो. घरात दोन भाषा, शाळेत तिसरी, म्हणून माझं असं होतं का गं?"

मनात चर्र झालं. इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण मीही आधी व्याख्याच लिहून देत असे.

सूनबाई ओट्याशी कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावत होती. ती धारवाडची. म्हणाली, "उप्प हाकिद्र नीर बिडतद." आपणही तेच म्हणतो, मीठ लावलं की पाणी सुटतं. म्हटलं, "बाळा, उद्या सकाळी हे पातेलं बघ."

सकाळी फोडी मऊ पडल्या होत्या आणि तळाशी चांगलं वाटीभर पाणी. "आईने तर थेंबही घातला नव्हता, मग पाणी आलं कुठून?"

"कैरीतून!"

"बरोबर. कैरी असंख्य पेशींची बनलेली. पेशी म्हण, जीवकोश म्हण की सेल म्हण, वस्तू एकच. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. तो पाण्याला वाट देतो, मिठाला सहजी देत नाही. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी तिकडे ओढलं जातं. हेच ऑस्मॉसिस, आपलं परासरण."

मग वाटीभर पाण्यात बेदाणे टाकले. तासाभराने ते टम्म फुगू लागले. इथे दाट रस आत, म्हणून पाणी आत शिरलं. लोणच्यात जंतू वाढत नाहीत, त्याचं एक कारणही हेच. मीठ त्यांच्यातलंही पाणी ओढून घेतं. कन्नडात लोणच्याला उप्पिनकाई म्हणतात ना, त्या नावातच मीठ आहे!

नातवाने विचारलं, "मग जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी का देतात?" प्रश्न ऐकून मी सुखावले. आतड्याच्या पेशी साखर आणि मिठातलं सोडियम जोडीने आत घेतात, त्यांच्यामागून पाणी जातं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच पाण्यावर पटकीचे असंख्य रोगी वाचवले. मात्र प्रमाण सांभाळायला हवं. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ वा साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढू शकतात.

संध्याकाळी त्याने वहीत स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिलं. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, मधे एक 'उप्पु'. मी काही खोडलं नाही. परीक्षेची भाषा सावकाश येईल, समज तर आली!

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी लोणचं घालताना मुलांना जरूर हाक मारा. व्याख्या मागाहून पाठ होऊ दे.